मिलोस: जिथे वस्तीआधी प्रवासी आले

ग्रीसमधलं ज्वालामुखीचं बेट म्हटलं की आपल्याकडे सँतोरिनीचंच नाव निघतं. तिथल्या कड्यावरच्या पांढऱ्या घरांची छायाचित्रं इतकी सर्वत्र पोचली आहेत की ज्वालामुखींच्या त्याच रांगेत, थोडं पश्चिमेला, मिलोस नावाचं आणखी एक बेट आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मिलोसचा विस्तार जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर आणि कायमची वस्ती पाच हजारांच्या आसपास. तिथे जाणारे लोक जाण्याची दोन कारणं सांगतात. पहिलं कारण किनारे; लहानमोठे धरून ते सत्तराच्या वर भरतात आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. दुसरं कारण प्राचीन इतिहास. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली व्हीनसची मूर्ती याच बेटाच्या मातीतून निघाली आणि अथेन्सने एका छोट्या राज्याचा केलेला जो संहार ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवला, तोही इथेच झाला. मग त्याप्रमाणे बेत आखला जातो: बाकीचे दिवस समुद्रावर आणि एक सकाळ अवशेषांना. मला ही वाटणी मुळातच खटकते. मिलोसवर किनारा आणि इतिहास एकाच दगडातून निघाले आहेत. त्यातही महत्त्वाचं म्हणजे, माणसाचा या बेटाशी पहिला संबंध आला तो इथे राहायला नव्हे. होडी किनाऱ्याला लावायची, हवं ते घ्यायचं आणि परत जायचं, असा तो संबंध होता आणि तो हजारो वर्षं तसाच राहिला. हे नीट समजून घेतलं तर किनाऱ्यावर घालवलेला दिवस इतिहासातून वजा होत नाही.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. आफ्रिकेचं भूपट्ट एजियन समुद्राच्या खाली सरकतं, खोलवर खडक वितळतो आणि वर ज्वालामुखींची एक कमान उभी राहते. मेथाना, मिलोस, सँतोरिनी, निसिरोस ही तिची ठळक ठाणी. सँतोरिनीवर इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास एक प्रचंड स्फोट झाला आणि बेटाचा मधला भाग समुद्रात बसला. त्या बेटाचं आजचं रूप मुख्यतः त्या एका घटनेने घडवलं आहे. मिलोसची गोष्ट याहून वेगळी. इथे गेल्या सुमारे तीस लाख वर्षांत अनेक छोटी मुखं वेगवेगळ्या वेळी उघडली. कुठे घट्ट लाव्हा वर आला, कुठे राख आणि प्यूमिस उडून समुद्रात पडला आणि गाळात मिसळला, कुठे नुसतं तापलेलं पाणी वर्षानुवर्षं खडकातून फिरत राहिलं आणि त्याने खडकाचा रंग आणि घडण दोन्ही बदलून टाकलं. बेटाच्या मध्यात शिरलेलं मोठं आखात नकाशावर विवरासारखं दिसतं, पण भूशास्त्रज्ञ त्याचं श्रेय एखाद्या महास्फोटापेक्षा जमीन खचण्याला देतात. या सगळ्याचा परिणाम म्हणजे मिलोस हे तुकड्यातुकड्यांचं बेट झालं आहे. उत्तरेला साराकिनिकोचा पांढराशुभ्र, वाऱ्या-लाटांनी गोलाकार घासलेला खडक. त्यावर गवताचं पातं नाही, सावली नाही आणि दुपारी त्याच्याकडे डोळे उघडून बघवत नाही. दक्षिणेला पालिओखोरीचा तांबडा-पिवळा कडा. तिथे वाळूत थोडं खणलं की हाताला ऊब लागते आणि उथळ पाण्याच्या तळातून वायूचे बुडबुडे वर येत राहतात. नैर्ऋत्येला क्लेफ्तिकोच्या कमानी आणि गुहा, जिथे होडीशिवाय पोचणं अवघड. पर्यटक हा फरक पाहून सुखावतो. प्राचीन काळच्या माणसालाही हाच फरक ओढून आणत होता, कारण प्रत्येक तुकड्यात वापरण्याजोगं काहीतरी वेगळं होतं.

त्यात सगळ्यात आधी हात लागला तो ऑब्सिडियनला. सिलिका भरपूर असलेला लाव्हा इतक्या झटपट थंड झाला की त्यात स्फटिक धरायला वेळच मिळाला नाही, तर जी काळी नैसर्गिक काच तयार होते ती ही. मिलोसवर तिच्या दोन मोठ्या खाणजागा आहेत: अदामास बंदराजवळची निखिआ आणि पूर्व किनाऱ्यावरची देमेनेगाकी. देमेनेगाकीच्या उतारावर जमिनीकडे पाहिलं की उन्हात बारीक काळे ठिपके चमकतात. जवळून पाहिलं की कळतं, हे सगळे नुसते निसर्गाने फुटलेले खडे नाहीत. काहींवर एका बाजूला दगडाची खरखरीत करडी साल अजून शाबूत आहे आणि दुसरी बाजू शिंपल्यासारखी वळणदार, गुळगुळीत. आघात नेमका कुठे बसला तो फुगवटाही स्पष्ट दिसतो. कुणीतरी गोळा उचलला, साल उडवली, आत काच निर्दोष आहे की नाही ते पाहिलं, चांगला गाभा होडीत टाकला आणि कचरा इथेच सोडला. गाभ्यावर नेमका दाब देऊन काढलेली पाती इतकी धारदार असत की कातडं, मांस, पीक, लाकूड सगळ्याला ती चालत. धातू आल्यावरही कित्येक शतकं ती मागे पडली नाहीत. तिथला तुकडा खिशात घालण्याचा मोह कुणालाही होईल, पण माणसाच्या हाताने फुटलेला दगड ही पुरावस्तू आहे. ती तिथेच राहिली तरच तिच्यातून काही कळतं.

ही काच कुठवर आणि केव्हा गेली, याचा पुरावा मिलोसबाहेर सापडतो. पेलोपोनीझमधल्या आर्गोलिस भागात फ्रँक्थी नावाची गुहा आहे. तिच्या सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत ऑब्सिडियनचे तुकडे निघाले. समुद्राची पातळी तेव्हा आजच्यापेक्षा बरीच खाली होती, बेटं मोठी होती, मधली अंतरं कमी होती. तरीसुद्धा उघडं पाणी ओलांडल्याशिवाय मिलोस गाठणं शक्य नव्हतं. ते तुकडे मिलोसचेच कशावरून, हा प्रश्न रास्त आहे. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत बेरियम, झिर्कोनियम यांसारखी मूलद्रव्यं अतिसूक्ष्म पण ठराविक प्रमाणात असतात. ते प्रमाण मोजलं की तुकड्याचं मूळ गाव सांगता येतं. म्हणजे भूमध्य समुद्रातल्या सागरी प्रवासाचा हा एक अत्यंत जुना भक्कम पुरावा आहे आणि तो कुठल्या जहाजाच्या सांगाड्याने दिलेला नाही, बोटभर काचेच्या रासायनिक घडणीने दिलेला आहे.

आता तारखांकडे पाहा. मिलोसवर शेती करून राहणाऱ्या लोकांच्या वस्तीच्या खुणा मिळतात त्या नवाश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या सहस्रकातल्या. फ्रँक्थीतले पहिले तुकडे आणि ही वस्ती यांच्यामध्ये कित्येक सहस्रकांचं अंतर आहे. एवढा प्रदीर्घ काळ हे बेट कायमच्या माणसाविना होतं, पण माणसाला अनोळखी नव्हतं. होड्या येत, किनाऱ्याला लागत, लोक उतारावर बसून दगड फोडत आणि वारा अनुकूल झाला की निघून जात. पुरातत्त्वज्ञ रॉबिन टॉरन्स यांनी या खाणजागांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना तिथे संघटित उत्पादनाच्या, पहाऱ्याच्या किंवा मालकीच्या खुणा आढळल्या नाहीत. जो येई तो आपल्याला हवं तेवढं घेऊन जाई. माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार हाच आहे. मिलोसच्या इतिहासाचं पहिलं आणि सर्वांत लांबलचक प्रकरण पाहुण्यांनी, किनाऱ्यावर लिहिलं. त्यात घर नाही, देऊळ नाही, राजा नाही. ते वाचायचं तर उघडा उतार, खाली होडी लागण्याजोगी खाच आणि समोरचं पाणी, एवढंच पाहावं लागतं. हे तिन्ही आजही जागच्या जागी आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो पुरातत्त्वातूनच येतो. ईशान्य किनाऱ्यावरचं फिलाकोपी हे एजियन जगातल्या कांस्ययुगीन शहरांपैकी एक मोठं शहर. ब्रिटिश स्कूल ॲट अथेन्सने १८९६ ते १८९९ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्या कामावरचे डंकन मॅकेंझी पुढे क्रीटमधल्या क्नोसॉसच्या उत्खननात आर्थर एव्हन्सचे उजवे हात झाले. शहराच्या तटबंदीचे प्रचंड दगड आजही उभे आहेत, आत क्रीटच्या लिनिअर ए लिपीतली एक पाटी सापडली आणि उडत्या माशांचं ते प्रसिद्ध भित्तिचित्रही. १९७० च्या दशकात रेनफ्रूंनी तिथे पुन्हा खणलं तेव्हा मायसीनी काळातलं एक पूजास्थान उजेडात आलं. सुरुवातीच्या संशोधकांना वाटलं, हे वैभव ऑब्सिडियनच्या मक्तेदारीतून आलं. पण मक्तेदारीचा पुरावाच नाही, हे टॉरन्स यांच्या अभ्यासातून दिसलं. मग दगडाने मिलोस घडवलं असं म्हणण्यात काय अर्थ राहतो? मला वाटतं, या आक्षेपाने एक सोपी समजूत मोडते आणि ती मोडायलाच हवी होती. फिलाकोपीने काच विकून तिजोरी भरली, असा दावा करता येत नाही. पण शहर वसण्याआधी हजारो वर्षं दर्यावर्दींना या बेटाची वाट, वारे आणि उतरण्याच्या जागा ठाऊक होत्या, हे कुणी नाकारत नाही. ज्या बेटाकडे जाणारा रस्ता आधीच रुळलेला आहे, तिथे क्रीट आणि ग्रीसच्या मुख्य भूमीशी दळणवळण ठेवणारं बंदर वाढावं, यात नवल नाही. दगडाने संपत्ती दिली असं म्हणण्याऐवजी दगडाने वहिवाट दिली असं मी म्हणेन.

फिलाकोपीची जागाही या वादात साक्ष देते. इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास शहर ओस पडलं आणि त्यानंतर समुद्र त्याचा उत्तरेकडचा भाग हळूहळू खात गेला. आज काही भिंती कड्याच्या काठाशी येऊन तुटलेल्या दिसतात. पुढचा भाग कोसळून पाण्यात गेला. तिथून थोड्याच अंतरावर पापाफ्रागास आहे: उंच फिक्या कड्यांच्या मध्ये शिरलेली समुद्राची अरुंद पट्टी, जिच्या छायाचित्रांवर मिलोसची अर्धी जाहिरात चालते. हे सौंदर्य आणि ती पडझड एकाच कारणाने झाली आहेत. ठिसूळ ज्वालामुखी खडक लाटेपुढे टिकत नाही. एका ठिकाणी त्यातून सुरेख खाडी तयार होते, शेजारी त्याच रीतीने शहर जातं. पापाफ्रागासचे कडे ढासळतात म्हणून खाली उतरणं धोक्याचं, हेही त्यातच आलं. जो प्रवासी पापाफ्रागास पाहून गाडी वळवतो आणि फिलाकोपीच्या कुंपणाशी थांबत नाही, त्याला खाडी दिसते पण ती कशी झाली ते कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेहमीचा. मिलोसचा इतिहास मिलोसवर उरलाच कुठे आहे, असं लोक विचारतात. उडते मासे अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि व्हीनस पॅरिसला. १८२० च्या एप्रिलमध्ये योर्गोस केन्ट्रोटास नावाच्या शेतकऱ्याला प्राचीन रंगमंडळाजवळच्या शेतात ती मूर्ती लागली. जवळच असलेला ऑलिव्हिए व्हूतिए हा फ्रेंच नौदल अधिकारी लगेच पोचला, पुढे ऑटोमन साम्राज्यातल्या फ्रेंच राजदूताने ती मिळवली, राजा अठराव्या लुईला भेट दिली आणि १८२१ मध्ये ती लूव्हरमध्ये आली. प्लाका गावाच्या संग्रहालयात तिची प्रतिकृती ठेवलेली आहे. मूळ मूर्ती परत मिळावी ही बेटवासीयांची मागणी मला न्याय्य वाटते. पण माझ्या युक्तिवादाला व्हीनसची वेगळीच अडचण आहे: ती मिलोसच्या दगडाची नाहीच. ती पारोस बेटाच्या संगमरवराची आहे आणि चौथऱ्यावरच्या, आता हरवलेल्या लेखानुसार तिचा कर्ता मेआंदर नदीकाठच्या अँटिऑकचा होता. ज्वालामुखीने मिलोसला गंधक दिलं, काच दिली, पांढरी माती दिली. मूर्तीजोगा संगमरवर मात्र दिला नाही. माझ्या मते म्हणूनच व्हीनस या बेटाची ओळख ठरू नये. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या व्यापक ग्रीक जगाची वस्तू आहे आणि तिच्या जाण्याने मिलोसचं वाचनीय तेवढं सगळं गेलं असं होत नाही. प्लाकाच्याच संग्रहालयात फिलाकोपीच्या पूजास्थानातली चाकावर घडवलेली मातीची देवी आहे: घंटेसारखा घेर, लांब मान, रंगवलेल्या भुवया आणि गाल. तिच्यासमोर गर्दी नसते. मला ती बेटाच्या जास्त जवळची वाटते.

खडकाने सगळं उलगडतं असा माझा दावा नाही आणि खडकाचं स्पष्टीकरण जिथे थांबतं ती जागा सांगायलाच हवी. मिलोसचं प्राचीन शहर मेलोस त्रिपिती गावाखालच्या उतारावर, क्लिमाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं होतं. तिथले लोक स्वतःला स्पार्टाच्या वंशातले समजत आणि अथेन्स-स्पार्टा युद्धात तटस्थ राहू पाहत होते. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सच्या सेनापती निसिअसने ६० जहाजं आणून शेतं उद्ध्वस्त केली, तरी ते नमले नाहीत. ४१६ मध्ये अथेन्स पुन्हा आलं: ३८ जहाजं आणि हजारो सैनिक. थ्युसिडिडीसने त्या वेळची वाटाघाट संवादाच्या रूपात मांडली आहे. अथेन्सचे दूत न्यायाची भाषा बाजूला ठेवायला सांगतात आणि फक्त बळाचा हिशेब मांडतात. मेलोसचे लोक दैवावर, स्पार्टावर आणि आपल्या सातशे वर्षांच्या स्वातंत्र्यावर भिस्त ठेवतात. वेढा हिवाळ्यापर्यंत चालला. शहर शरण आलं. हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांना मारलं, बायका-मुलांना गुलाम केलं आणि पुढे अथेन्सने ५०० वसाहतकरी तिथे पाठवले. वेढ्यातली उपासमार इतकी गाजली की दोनच वर्षांनी आरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' नाटकात तिचा उल्लेख आला. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरने वाचलेल्या मेलोसवासीयांना परत आणून वसवलं. या संहाराला ज्वालामुखी जबाबदार नाही. आरमार असलेल्या साम्राज्याला आपल्या समुद्रातलं एक बेट मोकळं राहिलेलं चालत नव्हतं, आणि ते कारण पूर्णपणे माणसांच्या निर्णयाचं आहे. तरीसुद्धा हे घडलं ती जागा किनाराच आहे. आज क्लिमाला लोक संध्याकाळचा प्रकाश आणि नावाड्यांची रंगीत दारं टिपायला येतात. त्यांच्या पाठीमागच्या उतारावर तट आहेत, रोमन काळातलं रंगमंडळ आहे आणि व्हीनस सापडली ते शेत आहे. हे सगळं एका छोट्या चालीच्या टप्प्यात येतं. इथे इतिहासासाठी वेगळी सकाळ राखून ठेवायची गरजच पडत नाही; पाठ वळवली की पुरतं.

त्याच उतारात कोरलेली ख्रिस्ती भूमिगत दफनगृहंही आहेत. ती साधारण दुसऱ्या ते पाचव्या शतकातली, १८४० च्या दशकात लुडविग रॉस या जर्मन पुरातत्त्वज्ञाने जगापुढे आणलेली. लांब भुयारं, दोन्ही भिंतींत कमानदार कोनाडे, जमिनीतही थडगी. हे शक्य झालं कारण तिथला टफ म्हणजे दाबून घट्ट झालेली ज्वालामुखीची राख आणि ती साध्या हत्यारानेही कोरता येते. अजिंठा-कार्ल्याची लेणी ज्या दगडात आहेत तोही ज्वालामुखीचाच, पण तो बसाल्ट. त्याला छिन्नी लावणं हे वेगळ्याच तोलामोलाचं काम आणि त्यामागे राजे, श्रेणी, श्रेष्ठी यांचं दान होतं. मिलोसच्या मऊ दगडात एखादा साधा समुदायही आपल्या मृतांसाठी जागा करू शकत होता. याच मऊपणाचा फायदा क्लिमाच्या नावाड्यांनी घेतला. त्यांच्या होडीघरांना तिथे सिर्माता म्हणतात: पाण्याच्या अगदी काठाशी खडकात खोदलेली तळघरं. हिवाळ्यात होडी ओढून आत घ्यायची, वर राहायची खोली, आणि दाराला होडीसारखाच झगझगीत रंग. वरची भुयारं आणि खालची होडीघरं यांच्यामध्ये दीड हजार वर्षांहून अधिक अंतर असेल, पण हात फिरवला तर भिंतीवरचे कोरीव घाव सारखेच लागतात, कारण दगड तोच आहे.

खाणींचा मुद्दा अनेकांना अवघड जातो. सुंदर बेटावर उघड्या खाणी, धूळ आणि मालवाहू जहाजं कशाला, असा प्रश्न येतो. तो नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही, मी तो हलका समजत नाही. पण पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने मेलोसच्या गंधकाची वाखाणणी केली आहे, तिथल्या तुरटीला इजिप्तच्या खालोखाल मान दिला आहे आणि ग्रीसचे नामवंत चित्रकार पांढऱ्या रंगासाठी मेलोसची माती वापरत असंही नोंदवलं आहे. पूर्व किनाऱ्यावर थिओरिखिआ इथे १८६२ पासून जवळजवळ शंभर वर्षं गंधकाची खाण चालली. आज तिथे गंजलेली यंत्रं, छप्पर उडालेल्या इमारती आणि त्यांच्या पायाशी स्वच्छ पाण्याचा छोटा किनारा आहे. सध्या बेटावर बेंटोनाइट आणि परलाइट यांचं उत्खनन होतं आणि त्या उद्योगात मिलोसचं युरोपात मोठं स्थान आहे. विहिरी खोदताना लागणाऱ्या चिखलापासून रोपवाटिकेतल्या पांढऱ्या हलक्या दाण्यांपर्यंत या खनिजांचा वापर होतो. खाण नको म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन की या बेटाचं पर्यटनापूर्वीचं आयुष्य खाणकामाचंच होतं आणि वर्षभर काम मिळत राहिल्यामुळेच मिलोस फक्त उन्हाळ्यापुरतं जागं होणारं बेट झालं नाही. याचा अर्थ कुठलीही टेकडी खणायला मोकळीक आहे असा होत नाही. मर्यादा हव्यातच, आणि त्या घालण्याचा हक्क बेटवासीयांचा. अदामासचं खनिज संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. माझा आग्रह असा की मिलोसवर उतरल्यावर पहिली फेरी तिथे करावी. ऑब्सिडियन, गंधक, टफ, बेंटोनाइट एकदा ओळखीचे झाले की नंतर प्रत्येक किनारा काहीतरी सांगू लागतो.

सुट्टीवर गेलेल्या माणसामागे अभ्यासाचा हा ससेमिरा कशाला, असं कुणी म्हणेल. वर्षभर राबलेल्या माणसाला पाण्यात पडून राहण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्या विश्रांतीत काही उणं आहे असं मला मुळीच वाटत नाही. फिरिप्लाकाच्या वाळूवर किंवा शिडी-दोराने उतरून त्सिग्रादोच्या पाण्यात दिवस घालवावा, काही बिघडत नाही. माझी तक्रार त्या माणसाशी आहे जो इतिहासासाठी म्हणून वेगळा दिवस काढतो आणि मग अवशेष तुटके निघाले म्हणून निराश होतो. अशा प्रवाशाला सँतोरिनीचं आक्रोतिरी जास्त देईल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ पासून तिथे राखेखालचं शहर उघडं करायला सुरुवात केली: मजल्यांची घरं, जिने, रांजण, भित्तिचित्रं. स्फोटाने गाडलं म्हणून ते टिकलं. मिलोसला असं एका दिवसाचं दार नाही. सँतोरिनी काळाचा एक क्षण थांबवून दाखवतं आणि मिलोस दहा-बारा सहस्रकांचा वावर, एकावर एक साचलेला. पहिल्यासाठी छपराखालचा लाकडी मार्ग पुरतो, दुसऱ्यासाठी किनारे पालथे घालावे लागतात. कुठलं श्रेष्ठ हे ठरवण्यात मला रस नाही. मात्र सँतोरिनीच्या मापाने मिलोस मोजलं की ते कमी भरणारच.

या सगळ्या चर्चेचा व्यवहाराशी संबंध आहे. २०२५ च्या सुरुवातीला साराकिनिकोजवळ हॉटेलचं बांधकाम सुरू झाल्याची छायाचित्रं पसरली, ग्रीसभर संताप उसळला आणि सरकारला ते काम थांबवावं लागलं. विरोधकांनी निसर्गसौंदर्याचा मुद्दा पुढे केला आणि तो पुरेसा समर्थ होता. पण सौंदर्याच्या युक्तिवादाची एक अडचण असते: पुढचा बांधकामदार म्हणतो, मी दृश्याला धक्का लावणार नाही, टेकडीच्या आड बांधीन, पांढरा रंग देईन. देमेनेगाकीच्या उतारासारख्या जागेचं काय, जी दिसायला साधी आहे, जिथे छायाचित्रासाठी कुणी जात नाही आणि जिच्या मातीत १३,००० वर्षांपासूनच्या पाहुण्यांचा कचरा विखुरलेला आहे? एक रस्ता, एक सपाटीकरण एवढ्याने ती पुसली जाईल. किनारा एका खात्याकडे आणि प्राचीन अवशेष दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी कागदावर सोयीची असेल. मिलोसच्या किनाऱ्यापुरती ती चुकीची आहे. तिथे भरतीरेषेपासून कड्याच्या माथ्यापर्यंतचा उतार हेच सर्वांत जुनं दप्तर आहे आणि बांधकामाची परवानगी मागणाऱ्याला आधी त्या उताराची पुरातत्त्वीय पाहणी करायला लावली पाहिजे, मग तो उतार कितीही ओसाड दिसो.